हिमालयात कामाला निघालेल्या भाचीस

चि. मनू हिस,



तुझी बदली चमोली जिल्ह्यातल्या रस्त्याच्या कामावर झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. आनंद झाला आणि काळजीही वाटली. ताईची काळजी थंडीची आणि जेवणाची आहे, माझी वेगळी आहे. तू आजवर जे काही फोडलंस आणि बांधलंस, ते सगळं सह्याद्रीत. ताम्हिणीतलं कटिंग असो की वरंध घाटातली दरड, तुझ्या हाताला सवय आहे ती आपल्या काळ्या दगडाची, आणि त्या सवयीवरच तू साइटवर मान मिळवलास. पण हिमालय म्हणजे मोठा सह्याद्री नव्हे. तो वेगळ्या रीतीनं झालेला डोंगर आहे, आणि त्याचं होणं अजून संपलेलं नाही. इतकी वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, त्यातलं तुझ्या कामाचं तेवढं या पत्रात लिहिते. सावकाश वाच.

आधी आपल्या घरच्या डोंगराबद्दल. सह्याद्री कुठल्याही टकरीतून उठलेला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुढचा आला, त्यावर आणखी पुढचा. आजही जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर ते थर शिल्लक आहेत. पुढं पश्चिमेचा किनारा तुटला, कडा उंचावली आणि लाखो पावसाळ्यांनी ती कोरून काढली. कळसूबाईचा १६४६ मीटरचा माथा गाठेपर्यंत पायाखाली येतात ते असे आडवेच थर. म्हणून तर एका बोअरवरून पलीकडच्या वळणावर काय लागेल याचा अंदाज तुला बांधता येतो. दोन थरांमधली तांबडी माती कुठं पाणी सोडते, जानेवारीत कोरडी दिसणारी कोणती भिंत जुलैत फुगेल, हे तू बघताक्षणी सांगतेस. ही जाण मोलाची आहे. तिची हद्द मात्र हरिद्वारच्या अलीकडेच संपते.

तरीही हे दोन्ही डोंगर एकाच प्रवासातले आहेत, हे मला फार विलक्षण वाटतं. दख्खनवर लाव्हा ओतत होता तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. चहूकडे समुद्र असलेलं ते एक मोठं बेट होतं आणि ते उत्तरेकडे धावत होतं, वर्षाला १५ सेंटिमीटरच्याही वर. भूपट्टांच्या हिशेबात हा वेग प्रचंड आहे. आपल्या चंद्रपूरच्या कोळशात ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. तेच ठसे दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि थेट अंटार्क्टिकात सापडतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती तंबूत गोठून गेले, तेव्हा त्यांच्याजवळ सुमारे १६ किलो दगड होते आणि त्यांत या पानांचे ठसे होते. जीव जायची वेळ आली तरी त्या माणसांनी ते ओझं टाकलं नव्हतं. हे सगळे प्रदेश एकेकाळी एकत्र होते, याची ती साक्ष. त्याच १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं खंड सरकतात हे जाहीरपणे मांडलं. कशामुळे सरकतात ते त्याला सांगता आलं नाही, म्हणून बहुतेकांनी त्याला उडवून लावलं. तो १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात वारला. समुद्रतळाच्या अभ्यासातून त्याचं म्हणणं खरं ठरायला १९६०चं दशक उजाडावं लागलं.

भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस हा समुद्र होता. समुद्राचा तळ बेसाल्टचा असतो आणि तो थंड झाला की जड होतो. तो आशियाच्या कडेखाली वाकून पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणात बुडत गेला. बुडणाऱ्या तळाबरोबर पाणीही खोल जातं, त्यानं वरचा तापलेला खडक वितळतो आणि काठाकाठानं ज्वालामुखींची रांग उभी राहते. आज दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर अँडीज पर्वतात हेच चाललं आहे. लेहच्या आसपासचा फिकट ग्रॅनाइट तू फोटोत पाहिला असशील. तशाच एका जुन्या ज्वालामुखी रांगेच्या पोटात थिजलेला तो शिलारस आहे.

समुद्र संपला तेव्हा खरा पेच आला. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी बुडत्या तळाच्या मागोमाग भारताचा खंडच आशियाच्या काठाला येऊन भिडला. खंडाचं कवच ग्रॅनाइटसारख्या हलक्या खडकाचं असतं, ते प्रावरणात सहजी बुडत नाही. तरी जड तळानं त्याची पुढची कड खाली ओढून पाहिलीच. लडाखमधल्या त्सो मोरीरी सरोवराजवळच्या खडकांत कोएसाइट हे खनिज सापडलं आहे. ते तयार व्हायला जेवढा दाब लागतो तो नव्वदेक किलोमीटर खोलीवरच मिळतो. म्हणजे भारताची ती कड तेवढी खोल गेली आणि पुन्हा वर आली. टक्कर झाल्यावर वेग घटला, वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास आला, पण चाल थांबली नाही. मागचा रेटा तसाच आणि पुढं वाट नाही, अशा वेळी कवच फाटलं. त्याचे काप निघाले आणि कापावर काप चढले.

हे कसं होतं ते तू रोज पाहतेस. जेसीबीचं पातं सैल माती पुढं ढकलतं तेव्हा पात्यासमोर मातीची पाचर तयार होते. ती पात्याकडे जाड आणि पुढं निमुळती असते. ढकलत राहिलं की पाचरीच्या पुढच्या टोकाशी नवी चीर पडते, तिथली माती उचलून मागच्या मातीखाली सरकते आणि पाचर उंच होते. एका मर्यादेपलीकडे चढण उभी झाली की वरची माती घसरून खाली येते, आणि पातं पुढं सरकलं की पुन्हा तेच. हिमालयाचा आकार समजावून घेताना भूशास्त्रज्ञ हेच गणित वापरतात. या पाचरीतल्या मोठ्या चिरांना आम्ही थ्रस्ट म्हणतो. सगळ्यात आतली मोठी चीर ती मेन सेंट्रल थ्रस्ट, तिच्या दक्षिणेला मेन बाउंड्री थ्रस्ट, आणि मैदानाच्या काठावरची, सगळ्यांत तरणी, ती हिमालयन फ्रंटल थ्रस्ट. तिन्ही उत्तरेकडे कलत जातात आणि खोलवर एकाच मोठ्या सरकत्या पृष्ठाला मिळतात. नंगा पर्वतापासून नामचा बरवापर्यंत, सुमारे २४०० किलोमीटर, हीच रचना थोड्याफार फरकानं चालू राहते.

नुसत्या चढाचढीनं एवढी उंची टिकत नाही, तिला खाली आधार लागतो. तो आधार कसा सापडला ती हकीकत सर्व्हेची आहे, म्हणून तुला आवडेल. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी हिंदुस्थान त्रिकोणांनी मोजून काढला. मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेच्या मैदानातलं कलियाना या दोन ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक जमिनीवरच्या मापानं एक येई आणि ताऱ्यांच्या वेधानं दुसरा. तफावत ५.२३६ सेकंदांची, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरच्या आसपास. मोजणी इतकी चोख होती की चूक म्हणून सोडून देता येईना. ताऱ्यांचा वेध घ्यायला ओळंबा लागतो, आणि शंका अशी होती की शेजारचा हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढत असावा. कलकत्त्याचे पाद्री जॉन प्रॅट गणितात तयार होते. दिसणाऱ्या हिमालयाचं वस्तुमान धरून त्यांनी ही ओढ काढली, तर ती १५.८८५ सेकंद आली. हिमालयानं ओळंब्याला ओढायला हवं होतं त्याच्या जेमतेम एक तृतीयांशच तो ओढत होता! लंडनहून जॉर्ज एअरी यांनी १८५५ साली याचा उलगडा मांडला: डोंगर जेवढा वर दिसतो त्याच्या कितीतरी पट त्याचं हलक्या खडकाचं मूळ खाली, जड प्रावरणात रुतलेलं आहे, आणि त्या हलक्या मुळामुळे एकूण ओढ कमी भरते. पुढं भूकंपलहरींनी ते पक्कं झालं. साध्या खंडाचं कवच ३५-४० किलोमीटर जाड असतं. तिबेटखाली ते ७० किलोमीटरच्या घरात जातं. भूपट्टांचं नावही कोणाला माहीत नव्हतं तेव्हा एका ओळंब्यानं डोंगराचं मूळ दाखवून दिलं. साइटवर ओळंबा धरशील तेव्हा ही गोष्ट आठव.

टेथिसचा तळ कुठं शिवला गेला तेही पाहता येतं. १९३६ साली ऑगुस्तो गान्सर हा तरुण स्विस भूशास्त्रज्ञ यात्रेकरूच्या वेषात चोरून तिबेटात शिरला आणि कैलासाच्या परिसरात पोचला. तिथं त्याला खोल समुद्रतळाचे हिरवट-काळे खडक मिळाले. जगातल्या सर्वांत उंच मुलखात समुद्राचा तळ उघडा पडलेला! पुढं त्यानं हिमालयाच्या भूशास्त्रावर लिहिलेला १९६४चा ग्रंथ आमच्या पिढीनं पाठ्यपुस्तकासारखा वापरला. आपल्याकडचं मोठं नाव दाराशॉ वाडियांचं. सुरतेत जन्मलेल्या या माणसानं नंगा पर्वताभोवती हिमालयाच्या रांगा कशा वळतात ते पायी हिंडून दाखवून दिलं. डेहराडूनची वाडिया संस्था त्यांच्याच नावाची आहे. सुट्टी मिळाली की तिथलं संग्रहालय बघ.

आता तुझा रस्ता. ऋषिकेशहून बद्रीनाथला जाताना तू ही सगळी पाचर कापत जाणार आहेस, म्हणून खिडकीशी बस. डेहराडूनच्या बाजूनं आलीस तर मोहंडजवळ शिवालिकच्या टेकड्या लागतील. त्यांत नदीतले गोल गोटे वाळूत रुतलेले दिसतील. उठत्या हिमालयाची झीज नद्यांनी पायथ्याशी आणून टाकली आणि पुढं ती झीजही टकरीत सापडून उचलली गेली, त्या या टेकड्या. ऋषिकेशच्या वर देवप्रयागपर्यंत करडा-हिरवा, पातळ पापुद्र्यांचा फायलाइट. तो ओला झाला की बोटाला साबणासारखा लागतो, आणि तुझा पहिला शत्रू तोच. पुढं क्वार्ट्झाइट, स्लेट, डोलोमाइट. पीपलकोटी सोडलीस की हेलंगच्या आसपास मेन सेंट्रल थ्रस्टचा पट्टा सुरू होतो. तिथं उतर आणि खडक हातात घे.

मी ज्या नमुन्यावर मुलांना शिकवायची तो आत्ता टेबलावर आहे, तसाच शोध. तळहाताएवढा शिस्टचा तुकडा. एका बाजूनं पाहिलं तर नुसतं अभ्रक, उन्हात धरलं की चंदेरी चकाकतं. कडेनं पाहिलं तर पापुद्रे लाटांसारखे मुरडलेले, आणि त्यांच्यात अडकलेले गडद लाल गार्नेटचे दाणे, तुरीएवढे. दाण्यापाशी आलेला पापुद्रा त्याला वळसा घालून पुढं जातो. कधी दाणा फिरलेलाही दिसतो, वाढता वाढता खडक त्याच्याभोवती सरकला त्याची खूण. हा खडक मुळात समुद्रातला चिखल होता. तो कित्येक किलोमीटर खोल गाडला गेला, भाजला, दाबला आणि पुन्हा वर आला.

इथली एक गोष्ट मात्र उलटी आहे आणि ती तुझ्या डोळ्यांनी पाहायला मिळणार आहे. जमिनीत खोल जावं तसं तापमान वाढतं, म्हणून जास्त भाजलेला खडक खाली आणि कमी भाजलेला वर असायला हवा. हेलंगहून वर चढताना नेमकं याविरुद्ध दिसतं. खाली हिरवट क्लोराइट, कमी आचेचं. वर गेलं की काळं अभ्रक, मग गार्नेट, मग निळसर कायनाइट, आणि बद्रीनाथच्या वाटेवर सिलिमनाइट, सगळ्यांत जास्त आचेचं. आतला तापलेला खडक बाहेरच्या थंड खडकावर चढवला गेला, त्याचा हा पुरावा रस्त्याच्या कडेला उघडा पडला आहे. तपोवनची उकळती कुंडं आणि बद्रीनाथचं तप्तकुंड हीदेखील त्यातलीच. खोलचा ऊन खडक भराभर वर येतो, भेगांतून खाली गेलेलं पाणी तापून परत येतं. आजी यात्रेला गेली होती तेव्हा त्याच पाण्यात न्हाली.

नीती खोऱ्याकडे मलारीच्या पुढं जायला मिळालं तर सोडू नकोस. तिथं टेथिसच्या समुद्रात साचलेले थर आहेत आणि त्यांत अमोनाइटचे जीवाश्म मिळतात. आपल्या देवघरातला शाळिग्राम आठव. काळा कुळकुळीत, एका बाजूनं फुटलेला, आत नागमोडी कंगोऱ्यांचं वेटोळं. तो नेपाळातल्या काली गंडकीचा आहे, आणि तोही त्या समुद्रातला अमोनाइटच, साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीचा. एव्हरेस्टचा माथादेखील समुद्रातल्या चुनखडकाचा आहे, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यात समुद्री प्राण्यांचे अवशेष आहेत. २०२० साली नेपाळ आणि चीननं मिळून जाहीर केलेली त्याची उंची ८८४८.८६ मीटर. त्या शेवटच्या आकड्याला पूर्णविराम समजू नकोस.

कारण ढकलणं थांबलेलं नाही. जमिनीत रोवलेल्या खुंट्यांवर जीपीएस लावून मोजलं तर हिमालयाच्या आरपार वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर आकुंचन होतं. खालचं सरकतं पृष्ठ दक्षिणेच्या भागात घट्ट अडकलेलं आहे, त्यामुळे हे आकुंचन साठत जातं. शंभर वर्षांत २ मीटर. मग कधीतरी ते अडकलेलं पृष्ठ सुटतं आणि साठलेलं सगळं मिनिटभरात फिटतं. ४ एप्रिल १९०५ला कांगडा, १५ जानेवारी १९३४ला बिहार-नेपाळ, १५ ऑगस्ट १९५०ला आसाम. २५ एप्रिल २०१५ला नेपाळात ७.८ क्षमतेचा भूकंप झाला तेव्हा काठमांडू सुमारे मीटरभर वर उचललं गेलं आणि दीड मीटरहून जास्त दक्षिणेला सरकलं, तर उत्तरेकडची उंच शिखरं काहीशी खाली बसली. जवळपास ९००० माणसं गेली. १९०५ आणि १९३४ या दोन भूकंपांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे गढवाल-कुमाऊंत, १८०३नंतर तेवढा मोठा भूकंप झालेला नाही. १९९१चा उत्तरकाशीचा आणि २९ मार्च १९९९चा तुझ्या चमोलीचा भूकंप माणसं मारायला पुरेसे होते, पण साठलेलं फेडायला त्यांनी फारसं काही केलेलं नाही. तू काम करणार आहेस ती जागा ही आहे.

भूकंप म्हणजे काय हे आपल्या घराला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीची रात्र ओढवली तेव्हा तू जन्मलेलीही नव्हतीस. भूपट्टाच्या काठापासून इतक्या दूर हे कसं झालं, असं लोक मला अजून विचारतात. हिमालयापाशी अडलेला रेटा सगळ्या भारताच्या कवचात ताण होऊन राहतो आणि जिथं जुनी कमकुवत जागा असेल तिथं तो कधीतरी मोकळा होतो, असं भूशास्त्रज्ञ त्याचं कारण सांगतात. पण माणसं मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती, वर हातभर मातीचं माळवद. भिंतीचे दोन थर सुटले आणि माळवद खाली आलं. जवळजवळ १०,००० माणसं गेली. मामांच्या गल्लीत मी ती ढिगारे उपसणारी माणसं पाहिली आहेत, आणि तेव्हापासून भिंतीत आडवा बंध आहे की नाही हे पाहिल्याशिवाय मी कोणाच्याही घराचं कौतुक करत नाही.

गढवालच्या यमुना खोऱ्यात याच्या अगदी उलट पाहायला मिळेल. तिथल्या कोटी बनालच्या धाटणीच्या जुन्या घरांत देवदाराचे ओंडके आणि दगड आळीपाळीनं रचतात, कोपऱ्यात ओंडके एकमेकांत अडकवतात. अशी चार-पाच मजली घरं शेकडो वर्षं उभी आहेत, १९९१च्या भूकंपातूनही ती टिकली. ज्यांनी ती बांधली त्यांना भूपट्ट माहीत नव्हते, डोंगर हलतो हे पक्कं माहीत होतं. तुझ्या कामगारांच्या वस्तीसाठी पत्र्याच्या शेड बांधताना जागा निवडण्याचा अधिकार तुझ्याकडे येईल. नाल्याच्या तोंडाशी आणि दरडीच्या पंख्यावर ती वस्ती बसू देऊ नकोस, कोणी कितीही सपाट जागा दाखवली तरी. ७ फेब्रुवारी २०२१ला तुझ्याच जिल्ह्यात, रौंथीच्या कड्यावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक आणि बर्फ सुटलं आणि ऋषिगंगा-धौलीगंगेतून खाली आलं. दोनशेवर माणसं गेली, त्यांत बहुतेक दरीत कामाला आलेले मजूर होते.

जोशीमठचं तर तुला माहीतच आहे. ते गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं आहे. १९७६ सालच्या मिश्रा समितीनं तसं लिहून ठेवलं होतं, पायथा खणू नका, मोठे धोंडे हलवू नका, सुरुंग लावू नका असं बजावलं होतं. जानेवारी २०२३मध्ये शेकडो घरांना तडे गेले. अहवाल होता, वाचणारे नव्हते. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट मात्र मी दरवर्षी वर्गात सांगायची. १८९३च्या पावसाळ्यात बिरही गंगेच्या दरीत गोहना गावाजवळ अख्खा डोंगर खाली आला, नदी अडली आणि मागं सरोवर भरायला लागलं. धरणच ते, पण कोणी न बांधलेलं. तिथं पुलफर्ड नावाचे इंजिनिअर आणि भूशास्त्र विभागाचे हॉलंड यांनी ढिगारा कशाचा आहे, पाणी किती वेगानं चढतं आहे याची मापं घेतली. पुढच्या ऑगस्टमध्ये पाणी काठावरून जाईल आणि ढिगारा धुपेल, असा अंदाज बांधला. गोहनापासून हरिद्वारपर्यंत तारेची लाइन टाकली, किनाऱ्यावर पूररेषेच्या खुणा रोवल्या, झुलते पूल आधीच उतरवून ठेवले. २५ ऑगस्ट १८९४च्या रात्री पाणी फुटलं. अलकनंदेच्या काठचं जुनं श्रीनगर वाहून गेलं. माणसं मात्र वाचली, अगदी मोजकी सोडून, कारण ती आधीच वर गेलेली होती. आकडेमोडीची साधनं त्यांच्याकडे तुझ्या मोबाइलएवढीही नव्हती. डोंगराकडे बघत बसायची तयारी होती आणि बघितलेलं वर कळवायची हिंमत होती.

म्हणून तुझ्याकडून मला काय हवं ते सांगते. कटिंगची आखणी कागदावर आली म्हणजे ती डोंगरावरही तशीच उतरेल असं धरू नकोस. प्रत्येक वळणावर थर कुठं कलतात ते ब्रंटन कंपासनं मोज, एकाच वळणावर दोन ठिकाणी मोज, कारण घड्यांमुळे शंभर पावलांवर कल फिरतो. थर आणि उतार एकाच बाजूला कलत असतील तर पायथा तोडण्याआधी थांब. वरच्या शिळेला धरून ठेवणारं तेवढंच असतं. कड्यातून येणारं पाणी भिंतीमागं कोंडू नकोस, त्याला वाट दे. खोदलेला मलबा नदीत लोटायला कोणी सांगितलं तर तोंडी ऐकू नकोस, लेखी माग. गावातल्या म्हाताऱ्या बायकांशी बोल. गवताला आणि लाकडाला त्या रोज त्या उतारांवर जातात. कुठला गदेरा, म्हणजे ओढा, गढूळ झाला, कुठल्या झाडाचं खोड वाकायला लागलं, हे त्या तुझ्या यंत्रांच्या आधी सांगतील. आणि तुझ्या मोजमापांतून काम पुढं न्यायला नको असं निघालं, तर तसं लिही, खाली सही कर आणि एक प्रत स्वतःजवळ ठेव.

पहिल्या वळणाची मापं मला पाठव. आपण दोघी मिळून ती नकाशावर मांडू.

तुझी,
मावशी